औषध पिऊन आलेल्या पेशंटला ॲट्रोपिन किती, कुठपर्यंत आणि कधी अजिबात नाही

प्रश्न थोडक्यात असा, की बॉन्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, लागलेले एक एमओ (मेडिकल ऑफिसर) विचारतायत, फवारणीचं औषध पिऊन पेशंट येतो, ओपी पॉयझनिंग (ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाची विषबाधा) सरळ दिसतंय, तर त्यावरचं ॲट्रोपिन इंजेक्शन नेमकं किती द्यायचं. सिस्टर म्हणतात बाहुल्या मोठ्या होईपर्यंत द्या, सोबतचा म्हणतो नाडी १२० झाली की थांब, आणि पेशंट बडबडायला लागला की वाढवायचं का बंद करायचं यावर कुणाचंच एकमत नाही. शिवाय विंचू चावल्यावर पण घाम-लाळ असते, तिथे हेच इंजेक्शन चालेल का.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या ठिकाणी बरीच वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सांगते. एका ओळीतलं उत्तर हवं असेल तर, ॲट्रोपिनचा डोस पुस्तकात नसतो, पेशंटच्या छातीत असतो. स्टेथो लावून छाती कोरडी होईपर्यंत द्यायचं, बाहुल्या बघून नाही आणि नुसती नाडी बघूनही नाही.

का ते बघा. ओपी पोटात गेलं की ॲसिटिलकोलिन (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) मोडणारं एन्झाइम, कोलिनेस्टरेज, बंद पडतं आणि ते रसायन साचत जातं. मग लाळ, घाम, जुलाब, लघवी सुटणं, नाडी मंद होणं हे सगळं दिसतं आणि नातेवाईक पण तेच सांगतात, पण पहिल्या तासात माणूस मरतो तो छातीत पाणी भरून. फुफ्फुसात स्राव एवढा होतो की तोंडातून फेस येतो, श्वासनळ्या आवळतात, आणि तुम्ही सक्शन करत बसलात तरी तो पुन्हा भरतो. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनच्या मस्करिनिक जागा (ग्रंथी, श्वासनळ्या, हार्ट इथल्या) अडवतं, म्हणजे हा स्राव थांबवतं. बाहुलीवर पण असर होतो, पण उशिरा होतो, कधी औषध डोळ्यात उडालेलं असेल तर एक बाहुली तासन् तास बारीकच राहते, आणि काही पेशंटच्या बाहुल्या सुरुवातीपासूनच मोठ्या असतात. म्हणून बाहुलीच्या मागे लागलात तर एकाला कमी पडेल आणि दुसऱ्याला जास्त होईल.

नाडीचंही तसंच. पेशंट ११० च्या नाडीने आला तर बरेच जण ॲट्रोपिन द्यायला घाबरतात. अहो, ती नाडी ऑक्सिजन कमी पडल्यामुळे, भीतीमुळे किंवा निकोटिनिक (स्नायू आणि नसांच्या गाठींवरच्या) परिणामामुळे वाढलेली असू शकते, छाती घरघरतेय तर द्यायचंच, बऱ्याचदा छाती कोरडी झाली की नाडी आपोआप खाली येते.

आता डोस. आपल्याकडे सरकारी सप्लायला बहुतेक १ मिलीच्या ०.६ मिग्रॅच्या अँप्यूल येतात. मोठ्या माणसाला पहिल्यांदा १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून, म्हणजे ३ ते ५ अँप्यूल एकदम. घड्याळ बघा. ५ मिनिटांनी परत छाती ऐका. फरक नाही तर दुप्पट, ६ अँप्यूल. परत ५ मिनिटं, परत दुप्पट, १२. परत नाही तर २४. पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं, पण हिशोब करा, ३, ६, १२, २४ मिळून ४५ अँप्यूल म्हणजे २७ मिग्रॅ, आणि हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. जास्त प्यायलेल्या पेशंटला एवढं लागतं. आणि एकदा फरक पडायला लागला की दुप्पट करणं थांबवायचं, तेवढाच किंवा त्याहून कमी डोस द्यायचा.

जुनी पद्धत म्हणजे २ अँप्यूल दर दहा-पंधरा मिनिटांनी देत राहणं, यात छाती कोरडी व्हायला तास-दोन तास जातात आणि पेशंटकडे तेवढा वेळ नसतो. बांगलादेशात याच दोन पद्धती समोरासमोर ठेवून ट्रायल झाली, २०१२ मध्ये छापून आली, दुप्पट करत जाऊन नंतर ड्रिप लावलेल्या गटात मृत्यू ८ टक्के आणि जुन्या पद्धतीत २२.५ टक्के. औषध दोन्हीकडे हेच, फरक फक्त किती लवकर दिलं याचा.

कुठे थांबायचं? पाच गोष्टी बघायच्या: छातीत घरघर-शिट्टी नाही, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काखा कोरड्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिलेल्या नाहीत. यात छाती, नाडी, बीपी महत्त्वाची, उरलेल्या दोन मागून येतात. काख मात्र खरंच हात घालून बघा, ग्लोव्हज घालूनच, कारण कपाळ पुसलेलं असतं, तोंड पुसलेलं असतं, काख कोणी पुसत नाही. एक अडचण येते ती म्हणजे पेशंटने उलटी करताना श्वासनळीत घेतलेली असते, मग फक्त उजव्या बाजूला खाली क्रेप्ट्स (बुडबुड्यांसारखे आवाज) राहतात आणि बाकी छाती मोकळी. त्या क्रेप्ट्स ॲट्रोपिनने जाणार नाहीत, कितीही ओता. दोन्ही बाजूंना ऐका आणि केसपेपरवर बाजू लिहून ठेवा.

ऑक्सिजनबद्दल एक जुनी भीती आहे की आधी ऑक्सिजन, मगच ॲट्रोपिन, नाहीतर हार्ट बंद पडतं. ऑक्सिजन असेल तर लावाच, पण सिलिंडर रिकामा आहे म्हणून ॲट्रोपिन थांबवून ठेवणं चुकीचं, छातीत पाणी भरलंय तोवर ऑक्सिजन जाणार कुठून.

पीएचसीत प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. रात्री पेशंट येतो, सोबत आठ-दहा माणसं, सगळ्यांचं एकच, नळी टाकून पोट धुवा. घरी मिठाचं पाणी पाजून उलट्या करवलेल्या असतात. पोट धुणं ही पहिली गोष्ट नाही, पहिली गोष्ट श्वास आणि ॲट्रोपिन. बेशुद्ध, फेस येत असलेल्या पेशंटच्या घशात नळी घातलीत तर तोच माल फुफ्फुसात जातो. पेशंटला डाव्या कुशीवर घ्या, मामांना (वॉर्डबॉयना) सक्शनला उभं करा, एक सिस्टर व्हेन घेतेय तोवर दुसरीने अँप्यूल फोडायला घ्यायच्या. वीस अँप्यूल फोडताना काचा सगळीकडे होतात, बोटं कापतात, म्हणून गॉज धरूनच फोडा आणि रिकाम्या अँप्यूल एका किडनी ट्रेमध्ये जमा करा, फेकू नका. शेवटी त्या मोजल्या की किती दिलं ते कळतं, त्या घाईत कुणाला आकडा आठवत नाही. मावशींना सांगून कपडे काढा, कात्रीने कापले तरी चालतील, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवा, कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाहेर ठेवा. फवारणी करताना विषबाधा झालेल्यात तर हे निम्मं ट्रीटमेंट आहे, कारण कातडीतून औषध जातच राहतं.

छाती मोकळी झाली की काम संपलं असं समजून झोपायला जाऊ नका. इथून ड्रिप लावायची. आतापर्यंत लागलेल्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के दर तासाला. समजा ३, ६, १२ अशा २१ अँप्यूल लागल्या, म्हणजे १२.६ मिग्रॅ, तर तासाला साधारण १.३ ते २.५ मिग्रॅ. आपण २ धरू. ५०० मिली एनएसमधून (नॉर्मल सलाईनमधून) २० मिली काढून टाका, २० अँप्यूल घाला, म्हणजे ५०० मिलीत १२ मिग्रॅ. तासाला २ मिग्रॅ म्हणजे ८३ मिली, आणि मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला साधारण २८ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंब किती ते लिहिलेलं असतं, वाचा, १५ चा सेट असेल तर हिशोब बदलतो. बाटलीवर पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात "ॲट्रोपिन" लिहा, नाहीतर बीपी कमी दिसलं की कोणीतरी साधं सलाईन समजून ती बाटली फुल सोडतं. बीपीसाठी फ्लुइड द्यायचं तर दुसऱ्या व्हेनमधून, वेगळ्या बाटलीतून. ॲट्रोपिनच्या मोठ्या वायल पण बाजारात मिळतात आणि त्यात एका मिलीत किती मिग्रॅ ते प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं, लेबल वाचल्याशिवाय हा हिशोब वापरू नका.

आता बडबडीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ॲट्रोपिन जास्त झालं की पेशंट हवेत काहीतरी पकडतो, पांघरूण चाचपत बसतो, समोर नसलेल्या माणसाशी बोलतो, अंग तापतं, तोंड कोरडं ठाक, पोटाचे आवाज बंद, लघवी तुंबलेली. धोत्र्याच्या बिया खाल्लेला माणूस ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल, धोत्र्यातही हीच द्रव्यं असतात. गोंधळ, ताप आणि पोट गप्प, या तिन्ही गोष्टी दिसल्या की ड्रिप बंद करा, अर्धा-एक तास बघा, उतरलं की आधीच्या स्पीडच्या ७० ते ८० टक्क्यांवर परत सुरू करा. पूर्ण बंद करून विसरू नका, चरबीत साठणारी काही ओपी दोन-तीन दिवसांनी परत वर येतात.

पण प्रत्येक बडबड ॲट्रोपिनची नसते. आधी मूत्राशय चाचपा, तुंबलेल्या लघवीने माणूस एवढा तळमळतो की चार जणांना आवरत नाही, कॅथेटर टाकलं की शांत झोपतो. दुसरं, ऑक्सिजन कमी पडला तरी माणूस हातपाय झाडतो, तिथे ॲट्रोपिन बंद केलंत तर उलटं होईल, म्हणून बडबड दिसली की पहिल्यांदा परत छातीच ऐकायची. तिसरं, आपल्याकडे बरेच जण दारूच्या भरात औषध पितात, रोजची सवय असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारू तुटल्याची बडबड सुरू होते आणि ती ॲट्रोपिनच्या खात्यावर जाते. आणि हातपाय कॉटला बांधून ठेवण्याची जी पद्धत आहे ती मला पटत नाही, बांधलेला माणूस झुंजत राहतो, घाम येऊ शकत नाही, ताप चढत जातो. डायझेपाम ५ ते १० मिग्रॅ शिरेतून हळू द्या, श्वासावर लक्ष ठेवून, खोली थंड ठेवा, ओल्या फडक्याने पुसा.

ॲट्रोपिन काय करत नाही हे पण तेवढंच महत्त्वाचं. स्नायूंवर त्याचा काहीही परिणाम नाही. पेशंट शुद्धीवर आला, चहा मागतोय, नातेवाईक खुश, आणि मग साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान श्वासाचे स्नायू थकतात, याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हणतात. याची पहिली खूण मानेत दिसते. रोज राउंडला पेशंटला सांगायचं, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा. येत नसेल तर त्याच क्षणी व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची तयारी. एका श्वासात आकडे मोजायला लावा, काल पंचवीसपर्यंत जात होता आणि आज बारालाच थांबला तर सॅच्युरेशन ९८ असलं तरी मला ते चालत नाही. आणि ट्यूब टाकायची वेळ आली तर सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) टाळा, कोलिनेस्टरेजच नाही म्हटल्यावर त्याचा असर तासन् तास टिकतो.

पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, बंद पडलेलं कोलिनेस्टरेज परत चालू करणारं औषध, त्याबद्दल विचारणारच म्हणून सांगून टाकते. प्रॅलिडॉक्सिमवर एक महत्त्वाचं काम आपल्याच बारामतीतलं, गिरिराज हॉस्पिटलचं, २०० पेशंट, २००६ ला लॅन्सेटमध्ये आलं, सतत ड्रिपने जास्त डोस दिला तर फायदा दिसला. नंतर २००९ ला श्रीलंकेतल्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. पेशंट लवकर आला असेल आणि पॅम हाताशी असेल तर मी देते, २० ते ३० मिनिटांत हळू, कारण भसकन दिलं तर हार्ट थांबू शकतं. पण ॲट्रोपिनच्या जागी पॅम कधीच नाही, आणि पॅम नाही म्हणून हातपाय गाळायचं पण कारण नाही.

आता कुठे देऊ नये. सगळी फवारणीची औषधं ओपी नसतात. २०१७ ला यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर गेले, वीसच्या वर, तेव्हा प्रोफेनोफॉससारख्या ओपीबरोबर डायफेन्थियुरॉनसारखी वेगळ्या जातीची औषधं पण चर्चेत होती, आणि लोक पंपात दोन-तीन औषधं मिसळून मारतात, त्यामुळे लक्षणं भेसळीची येतात. डायफेन्थियुरॉन कोलिनेस्टरेजवर काम करत नाही. तणनाशक, सेल्फॉसच्या (धान्यात ठेवायच्या) गोळ्या, उंदराची पेस्ट, यातही ॲट्रोपिनचा उपयोग नाही. म्हणून डबा मागवा. नातेवाईकांपैकी एकाला मोटरसायकलवर परत पाठवा पण डबा किंवा निदान लेबलचा फोटो आणायला लावा. तोवर शंकाच असेल तर १ अँप्यूल देऊन बघायचं: एवढ्याशा डोसने नाडी उडाली, तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या तर मोठी ओपी विषबाधा असण्याची शक्यता कमी. कार्बामेट (ओपीसारखंच कोलिनेस्टरेज अडवणारं दुसऱ्या जातीचं कीटकनाशक) असेल तर मात्र ॲट्रोपिन तसंच द्यायचं, ते फक्त लवकर उतरतं, बहुतेक दिवसभरात.

आणि विंचू. इथे माझं उत्तर सरळ नाही असं आहे. लाल विंचू चावल्यावर सुरुवातीला घाम, लाळ, उलटी, कधी नाडी मंद, मुलग्यांमध्ये लिंग ताठ होणं, हे बघून ॲट्रोपिनकडे हात जातो. पण हा टप्पा थोडा वेळच टिकतो, त्याच्या मागून ॲड्रिनॅलिनची लाट येते, बीपी वर, नाडी वर, हातपाय गार, मग हार्टवर ताण येऊन फुफ्फुसात पाणी. ॲट्रोपिन दिलंत तर त्या लाटेला अडवणारं जे काही थोडं होतं तेही काढून घेतलंत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन (ॲड्रिनॅलिनचा असर अडवणारी गोळी) वापरून दाखवलं तेव्हापासून कोकणात विंचवाचं चित्र बदललं. पीएचसीत प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का ते आजच बघून घ्या. तिथला घाम थंड असतो आणि हातपाय गार, हे ओपीपेक्षा वेगळं जाणवतं, हात लावून बघितलं तर.

सापाच्या बाबतीत ॲट्रोपिन मदतनीस म्हणून येतं. नाग चावून पापण्या पडल्या असतील तर अँटी स्नेक व्हेनमबरोबर निओस्टिग्मिन (ॲसिटिलकोलिन वाढवून स्नायूंना जोर देणारं औषध) देऊन बघतात, आणि त्याच्या आधी ०.६ मिग्रॅ ॲट्रोपिन शिरेतून, नाहीतर निओस्टिग्मिनमुळे नाडी पडते आणि लाळेने गुदमरायला होतं. मण्यारमध्ये निओस्टिग्मिनचा फारसा फायदा होत नाही, तासाभरात पापणी उचलली नाही तर मागे लागू नका, श्वास सांभाळा.

नुसती नाडी मंद झालीय, म्हणजे स्पायनलनंतर (कमरेतून भूल दिल्यावर) ४० ला आली, बीपी पडलं, अशा वेळी १ मिग्रॅ शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. घाबरत घाबरत पाव-अर्धी अँप्यूल हळूहळू देणं टाळा, फार कमी डोसने नाडी उलट अजून मंद होऊ शकते. पूर्ण हार्ट ब्लॉक असेल आणि ईसीजीत क्यूआरएस (ठोक्याची मुख्य लाट) रुंद दिसत असेल तर ॲट्रोपिनवर वेळ घालवू नका, तो पेशंट पेसिंगचा (विजेने ठोके देण्याचा) आहे. काचबिंदू, प्रोस्टेट, म्हातारं माणूस, हे सगळे इशारे अशा साध्या वापरात बघायचे. ओपीमध्ये जीव वाचवताना नाही.

पोटदुखीला दिलं जाणारं डायसायक्लोमिन पण याच कुटुंबातलं, त्याबद्दल एवढंच, ते फक्त स्नायूत द्यायचं, शिरेतून अजिबात नाही, शीर गोठते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही, श्वासाचा त्रास होतो. व्हेन आधीच घेतलेली असते म्हणून त्यातूनच ढकलून देण्याची सवय मी बऱ्याच ठिकाणी बघते, ती मोडा. ब्युस्कोपॅन शिरेतून चालतं, हळू, पण हार्टच्या पेशंटला जपून.

स्टॉकचं म्हणाल तर माझ्या मते फवारणीच्या दिवसांत पीएचसीत १०० पेक्षा कमी अँप्यूल असू नयेत, वरच्या हिशोबाने एक गंभीर पेशंट तासाभरात निम्म्या संपवतो. ॲट्रोपिन आणि ॲड्रिनॅलिन एका खोक्यात ठेवू नका, दोन्ही १ मिलीच्या, दिसायला सारख्या, आणि दोन्ही घाईत लागणाऱ्या. रेफर करताना १०८ मध्ये ॲम्बू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी), सक्शन आणि चालू ड्रिपसकट पाठवा, वाटेत लागतील म्हणून अँप्यूल भरलेली ट्रे सोबत द्या, आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव, पिण्याची अंदाजे वेळ, छाती कोरडी कधी झाली, तोवर एकूण किती मिग्रॅ गेलं, ड्रिपचा स्पीड आणि मान उचलता येत होती का, एवढं लिहा. एमएलसी (पोलीस केसच्या नोंदीचा) नंबर पण. "इंज. ॲट्रोपिन दिले" एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन पेशंट आला की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.